बाबा ७८ वर्षांचे, रात्री उठले की तोल जातो. भात बंद करायचा का?

डिचोलीकर:
बाबांना बीपी आणि प्रोस्टेटची गोळी चालू आहे, शुगर बॉर्डरला. परवा रात्री लघवीला उठले आणि न्हाणीच्या दारात पडले, नशीब हाड मोडलं नाही. आता ताई पुण्याहून रोज फोन करते, भात बंद, मासे कमी, वजन उतरवा म्हणजे आयुष्य वाढेल. बाबा म्हणतात शीत-कडी सोडून जगायचं कशाला. कोणाचं ऐकू?

फोंड्याची_माई:
ताईला म्हणावं आधी पडण्याचं बघ. ह्या वयात खुब्याचं हाड मोडलं की वर्षभरात साधारण पाचातला एक तरी जातो, नुसत्या हाडाने नाही हो, अंथरुणाला खिळतात मग न्युमोनिया, रक्ताच्या गुठळ्या, एकातून एक. वजन उतरवायला गेलात तर ह्या वयात चरबीबरोबर पायातली ताकदपण जाते. किडनी ठीक असेल तर बांगडे-तारले खाऊ देत, भात दोन घास कमी करा. फक्त खारे मासे, पापड, लोणचं आवरा, मीठ दिवसाला सगळं मिळून चमचाभराच्या आत, म्हणजे ५ ग्रॅम.

म्हापशाचा_केमिस्ट:
प्रोस्टेटची गोळी कुठली? टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनी उभं राहिल्यावर बीपी उतरू शकतं. घरी मशीन असेल तर ५ मिनिटं झोपवून मोजा, मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी, कोणीतरी धरून ठेवा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर आकडे लिहून डॉक्टरला दाखवा. गोळी मनाने बंद करू नका प्लीज. झोपेची गोळी घेतात का तेपण सांगा.

सत्तरीकर:
न्हाणीत दांडी बसवा, वाटेत रात्री लाईट ठेवा, आणि पावसात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं ते घासून काढा, आमच्याकडे मामा तिथेच घसरले. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठबस रोज करायला लावा, पण तोल सावरल्यावर, आणि जवळ उभं राहून. मोतीबिंदू तपासलाय का? आणि रात्रीचा पेग कोणी विचारलाच नाही 😄

डिचोलीकर:
मोजलं. झोपून १४८, उभं राहून १२२. उद्याच डॉक्टरकडे नेतो. झोपेची गोळी नाही. डोळे दाखवायचे राहिलेत. पेग आहे, सीझनला हुर्राक, नाहीतर फेणी, ताईला माहीत नाही.

फोंड्याची_माई:
ताईला नको, डॉक्टरला सांगा. दारूनेपण उभं राहिल्यावर बीपी उतरतं आणि रात्री लघवीला जास्त उठावं लागतं.