प्रत्यारोपणानंतरची चिडचिड: गोळ्यांमुळे की नैराश्य?

प्रश्न (वॉर्ड समुपदेशक)
किडनी प्रत्यारोपणाला तीन आठवडे झालेत. रुग्णाला झोप नाही, चिडचिड होते, मध्येच रडू येतं. पीएचक्यू-९ (नैराश्य चाचपणारी नऊ प्रश्नांची यादी) चा स्कोअर १३ आला. घरचे म्हणतात, "नवी किडनी मिळाली, आता रडायचं कशाला?" हे नैराश्य धरायचं की स्टेरॉईडचा परिणाम? केमोवरच्या रुग्णांतही हाच घोळ होतो.

उत्तर (मनोविकारतज्ज्ञ)
नुसत्या बेरजेवर जाऊ नका. १० किंवा जास्त म्हणजे नीट तपासणी हवीच, पण झोप, थकवा, भूक, एकाग्रता यांचे गुण आजार आणि औषधंही वाढवतात. पहिले दोन प्रश्न (रस गेलाय का, उदास वाटतं का) आणि अपराधीपणाचा सहावा वेगळे वाचा. नवव्यात (मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार) शून्याखेरीज काहीही आलं, तर त्याच दिवशी स्पष्ट विचारा: जीव द्यावासा वाटतो का, कसं करायचं ते ठरवलंय का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' असेल तर रुग्णाला एकटं सोडू नका, मनोविकारतज्ज्ञांना लगेच बोलवा.

मग औषधांचा तक्ता बघा. प्रेडनिसोलोन (स्टेरॉईड) दिवसाला ४० मिग्रॅच्या वर गेलं की मनावरचे परिणाम बरेच वाढतात. उशिराच्या डोसने झोप उडते, म्हणून बहुधा सकाळी देतात. टॅक्रोलिमसची (शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाची) रक्तातली पातळी चढली की हात थरथरतात.

रुग्ण तासातासाला बदलत असेल, रात्री बरळत असेल, दिवस-वार चुकत असेल तर डेलिरियमची (आजार किंवा औषधांमुळे अचानक येणाऱ्या संभ्रमाची) शंका घ्या. तिथे समुपदेशनात वेळ घालवू नका. संसर्ग, सोडियम, औषधाची पातळी तातडीने तपासायला हवी.

उत्तर (क्लिनिकल फार्मासिस्ट)
कुठलीही गोळी मनाने बंद करायची नाही, हे आधी बजावा. मन शांत ठेवणारी एखादी वनौषधी चालू आहे का, तेही विचारा. लोक ती औषधात धरतच नाहीत. सेंट जॉन्स वर्टने टॅक्रोलिमस आणि त्याच कामाच्या सायक्लोस्पोरिनची पातळी घसरते, शरीर अवयव नाकारू शकतं. फ्लुवॉक्सामिन या नैराश्यावरच्या गोळीने उलट ती वाढते. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरचं औषध) चालू असेल तर पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्या शक्यतो टाळतात, कारण टॅमॉक्सिफेनचं सक्रिय रूप कमी तयार होतं.

उत्तर (प्रत्यारोपण समन्वयक)
"आता रडायचं कशाला" हे वाक्य थांबवणं फार गरजेचं आहे. रुग्ण गप्प होतो, मग चुकलेला डोसही लपवतो. दाता घरातलाच असेल तर त्याला वेगळं भेटा. रुग्णासमोर तो स्वतःचं दुखणं बोलत नाही. काळजी घेणाऱ्यालाही ० ते १० चा डिस्ट्रेस थर्मामीटर (मनावरचा ताण स्वतःच आकड्यात सांगायची पट्टी) द्या, ४ किंवा जास्त आल्यास पुढे पाठवा. नैराश्याची गोळी सुरू झालीच, तर गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर आठवड्यातच ती बंद होते.