मदत हवी आहे: 'कलम १५५ च्या तरतुदीनुसार मान्य करता येत नाही', पुढे काय?

बांधावरचा
तहसील कार्यालयातून पत्र आलंय. दुरुस्तीचा अर्ज दिला होता, त्याला हे उत्तर: "उपरोक्त अर्जाचे अवलोकन करता, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १५५ मधील तरतुदीनुसार आपली विनंती मान्य करता येत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे." बास. खाली सही-शिक्का. मी पुण्यात, भाऊ गावी. तो हेलपाटे घालून वैतागलाय. तिथे विचारलं की म्हणतात, नियमच आहे, आमच्या हातात काही नाही. हा नियम नक्की काय आहे आणि आता जायचं कुठे? 'वकील गाठा' हे मलाही सुचतं, ते नको. जरा लवकर सांगा.

तांबडी_माती
कसली दुरुस्ती?

बांधावरचा
सातबाऱ्याची. अजून कसली असणार?

तांबडी_माती
अहो, सातबाऱ्यावर पन्नास गोष्टी असतात. नाव, क्षेत्र, गट नंबर, इतर हक्क, बोजा. चुकलंय काय?

डिजिटल_दादा
डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. मोबाइलवरून पैसे भरा, लगेच डाउनलोड. कचेरीत जायची गरजच नाही.

बांधावरचा
उतारा आहे हो माझ्याकडे, चूक त्यातच आहे! हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर क्षेत्र ८१ आर, ऑनलाइनवर १८ आर. दोन एकराचं अर्धा एकरसुद्धा राहिलं नाही. शिवाय आजोबांचं नाव 'महादेव'चं 'महादू' केलंय.

प्रॅक्टिसवाला
मग गंमतच आहे. १५५ हे दुरुस्ती नाकारायचं कलम नाही, करायचं कलम आहे. लेखनप्रमाद, म्हणजे लिहिता-उतरवताना झालेली चूक, आणि संबंधित लोकांनी मान्य केलेली चूक कधीही दुरुस्त करता येते असं ते म्हणतं. ८१ चं १८ हा लेखनप्रमाद नाही तर काय? हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल लावली होती का? भूमी अभिलेखचा आकारबंद, म्हणजे गटनिहाय क्षेत्राची नोंद?

नियमकाका
१५५ चे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहेत. कायद्यात तोच शब्द आहे. तहसीलदारांनी अर्ज घेतलाच कसा? पत्रच बेकायदा.

प्रॅक्टिसवाला
काका, अधिकार खालच्या अधिकाऱ्यांना प्रदान केलेले असतात. राज्यभर तहसीलदारच १५५ चे आदेश काढतात. त्यांना भलत्या वाटेला लावू नका.

नियमकाका
मी कायद्यात काय छापलंय ते सांगितलं. चालतंय म्हणून बरोबर असं होत नाही.

घाटावरची
लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली अपील टाका. कारण लेखी द्यावंच लागतं, दंड ५०० ते ५००० रुपये. माझं रहिवासी प्रमाणपत्र अपिलाचं नुसतं नाव काढल्यावर मिळालं.

तांबडी_माती
ताई, तो फक्त अधिसूचित सेवांना लागू. आधी यादी बघायला लागेल. इथे कारण काय दिलंय तेच कळत नाहीये. पत्राचा फोटो टाका, नावं झाकून.

बांधावरचा
टाकलाय. आणि कारण दिलंय की, कलम १५५.

तांबडी_माती
फोटो मोठा करून बघा. बाकी सगळा मजकूर छापील आहे, फक्त '१५५' बॉलपेनने भरलंय, टिंबांच्या ओळीवर. त्या जागी ८५ घातलं असतं तरी वाक्य तसंच राहिलं असतं. तुमच्या अर्जात काय होतं आणि कलमातली कुठली अट आड आली, याचा त्यात अवाक्षर नाही. कलमाचा आकडा म्हणजे कारण नव्हे.

कोपरखळी
टिंबांच्या ओळीवर 😂 आमच्या सोसायटीत सेक्रेटरी तोंडीच टिंबं भरतो. "बायलॉजमध्ये आहे." कुठल्या? "आहे हो."

माईआजी
बँकेत पण हेच. दहाची नाणी घेत नाहीत, रिझर्व्ह बँकेचा नियम म्हणे. रिझर्व्ह बँक उलट घ्या म्हणून कधीपासून सांगतेय.

प्रॅक्टिसवाला
विषयावर येऊ या. @बांधावरचा, अर्जात या दोनच गोष्टी होत्या का? पूर्ण सांगा.

बांधावरचा
आत्याचं नाव वारसात लागलेलं नाही, तेही लावा म्हणून लिहिलं होतं. एकाच अर्जात. चुलत्यांचा त्याला विरोध आहे, पण हक्क आहे ना तिचा?

प्रॅक्टिसवाला
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! हक्क असेलही, पण ती लेखनातली चूक नाही. वारसाचा फेरफार, म्हणजे वारसांची नावं लावायची नोंद, मंजूर झालाय, चुलत्यांची हरकत आहे, तो वाद १५५ मध्ये बसत नाही. त्या फेरफारावर वेगळं अपील करावं लागेल, उशीर माफीच्या अर्जासह. तहसीलदारांनी या तिसऱ्या मागणीसाठी लागू पडणारं कलम तिन्ही मागण्यांवर ठोकून दिलंय. क्षेत्राबद्दल ते एक शब्दही बोललेले नाहीत.

बांधावरचा
मग आता नक्की काय करू?

प्रॅक्टिसवाला
कलम २४७ खाली प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील. मुदत ६० दिवस, पत्र तुमच्या हातात पडल्यापासून, त्यावरच्या तारखेपासून नव्हे. पाकीट ठेवलंय ना? त्यावरचा पोस्टाचा शिक्का लागेल. मुद्दा एकच घ्या: क्षेत्र आणि नावाची मागणी का फेटाळली याचं कारण आदेशात नाही. आत्याचा विषय त्यात आणू नका.

नियमकाका
हे साधं पत्र आहे, आदेश नव्हे. पत्रावर अपील चालत नाही.

प्रॅक्टिसवाला
'निर्णय किंवा आदेश' असे शब्द आहेत काका. अर्ज निकाली काढला म्हणजे निर्णय झाला. कायद्यात काय छापलंय ते तुम्हीच वाचा.

तांबडी_माती
सोबत माहिती अधिकारात या अर्जाची टिपणी आणि मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल मागा. त्याच कायद्याच्या ४(१)(घ) मध्ये बाधित माणसाला निर्णयाची कारणं द्यायची असं सरळ लिहिलंय. आणि त्यांनी अपिलात नवीनच कारण काढलं तर सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा मोहिंदर सिंग गिल निकाल दाखवा. आदेश ज्या कारणावर काढला त्यावरच तो टिकला पाहिजे, मागाहून प्रतिज्ञापत्रात कारणं जोडून चालत नाही.

घाटावरची
पण लोकसेवा हक्काचं अपील टाकून बघायला काय जातं?

बांधावरचा
पाकीट भावाकडे आहे, शिक्का पुसट आहे पण वाचता येतो. सोमवारी तो आकारबंदाच्या नकलेसाठी अर्ज देतोय. चुलत्यांची सही अपिलात लागेल का?

प्रॅक्टिसवाला
सही नको. पण सातबाऱ्यावर नावं आहेत तेवढ्यांना प्रतिवादी करा, नोटीस त्यांनाही जाईल. क्षेत्र वाढलं तर त्यांचंही वाढणार आहे, ते कशाला विरोध करतील?

बांधावरचा
तुम्ही आमच्या चुलत्यांना ओळखत नाही.