मदत हवी आहे: दोघांचे फोटो एकाच डिस्कवर, कोणता कुणी काढला ते कसं शोधायचं?

नमस्कार,

मी आणि नवरा चौदा वर्षं एकत्र फोटो काढतोय. आधी दोघांत एकच कॅमेरा होता. दुसरा घेतला तो मुद्दाम त्याच मॉडेलचा, म्हणजे लेन्स आणि बॅटऱ्या दोन्हीकडे चालतील. त्या सोयीनेच आता घोळ झालाय. हजारो रॉ फाइली (कॅमेऱ्यातून निघालेले मूळ, प्रक्रिया न केलेले फोटो) एका डिस्कवर आहेत आणि कोणता फोटो कुणाचा, याची नोंद कुठेच नाही.

निवडक पन्नास फोटोंचं छापील पुस्तक करायला घेतलंय, तेव्हा हे टोचायला लागलं.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. एका कॅमेऱ्याची बॅटरी बरेच दिवस उतरलेली राहिली आणि आतली तारीख मूळपदावर गेली. आम्ही ती न बघताच फिरत राहिलो, त्यामुळे शेकडो फोटो १ जानेवारीचे दिसत होते. नशिबाने एक खंड्या दोघांनीही एकाच क्षणी टिपलेला सापडला, पाण्यात सूर मारायच्या बेतात, पंख अर्धवट उघडलेले. त्या दोन फायलींवरून घड्याळांतला फरक काढला आणि बाकीच्यांची वेळ एकगठ्ठा सरकवली. मग एक्सिफटूलने (फोटोच्या फायलीतली माहिती वाचणारा प्रोग्रॅम) कॅमेऱ्याचा सिरियल नंबर वाचून दोन ढीग केले.

पण अडलंय ते इथेच. सेन्सरवर धूळ बसू नये म्हणून बाहेर आम्ही लेन्स काढत नाही, सरळ कॅमेरेच बदलतो. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपायची लेन्स हवी असेल तर मी त्याचा कॅमेरा घेते, तो माझा. त्यामुळे सिरियल नंबरावरून कॅमेरा कळतो, माणूस नाही.

बरेचसे फोटो नजरेनेच ओळखू येतात. चौकटीत माणूस यायची मी वाट बघते, तो माणूस जायची. मी गुडघ्यावर बसते, त्यामुळे माझ्या फोटोंत क्षितिज खाली असतं. पण धुक्यातल्या नावेचा एक फोटो आहे, वल्ह्यावरून ओघळणारा थेंबसुद्धा स्पष्ट दिसतो. तो आपणच काढला असं दोघांनाही मनापासून वाटतं. पुस्तकाचं पहिलं पान त्याचंच आहे.

नवरा म्हणतो, शोधायचंच कशाला, दोघांची नावं एकत्र घालू. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याचं उदाहरण तो देतो. १९५९ पासून ती दोघं पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या यांचे फोटो काढत राहिली आणि सगळं काम दोघांच्या नावाने दाखवत राहिली. मला ते आवडतं. पण भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले गेले, हेही माझ्या डोक्यातून जात नाही. एकत्र नाव घालायला माझी हरकत नाही. फक्त त्याआधी कुणी काय पाहिलं होतं, ते मला माहीत हवं.

तर, जुने फोटो वेगळे करायचा काही मार्ग आहे का? आणि यापुढे हा गोंधळ होऊ नये म्हणून काय करावं?

प्रतिसाद १

यापुढचं सोपं आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत कॉपीराइटखाली छायाचित्रकाराचं नाव भरता येतं, ते प्रत्येक फायलीत उमटतं. पण तुम्ही कॅमेरे बदलता, म्हणून तेवढ्यावर राहू नका. कॅमेरा हातात घेतला की पहिला फोटो स्वतःच्या तळहाताचा काढायचा. पुढचा तळहात येईपर्यंतचे सगळे फोटो त्या माणसाचे. फायली उतरवल्या की त्याच संध्याकाळी नावाचा कीवर्ड लावून टाका, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

प्रतिसाद २

जुन्यांसाठी एक सुचवतो. वेळा जुळवल्याच आहेत, तर दोन्ही ढीग वेळेनुसार एकत्र लावा आणि ज्यांत तुमच्यापैकी कुणी दिसतं असे फोटो आधी बाजूला काढा. ज्यात नवरा दिसतोय तो तुम्ही काढलेला असणार (टायमर आणि तिसऱ्याने काढलेले वगळून). त्याच्या हातात कॅमेरा असेल तर दुसरा तुमच्याकडे होता, हेही पक्कं. अशा दोन खुणांच्या मधले फोटो तपासा. एकाच कॅमेऱ्यामागचा माणूस दोन खुणांत वेगळा निघाला, तर अदलाबदल त्यांच्या मध्येच झाली.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री नावेच्या दिवसापासूनच सुरुवात केली. नावेचा फोटो ६ वाजून १२ मिनिटांचा, टेलिलेन्सचा (लांबचं जवळ आणणारी लेन्स). ६ वाजून ११ मिनिटांचा एक फोटो दुसऱ्या कॅमेऱ्यात सापडला. हललाय, म्हणून आजवर कधी उघडलाच नव्हता. त्यात नवरा काठावर पालथा पडलाय, कोपरं चिखलात आणि टेलिलेन्सचा कॅमेरा डोळ्याला. लगेच पुढच्या माझ्या तीन फोटोंतही तोच दिसतो, तसाच पडलेला, शेवटचा ६ वाजून १३ मिनिटांचा.

म्हणजे नावेचा फोटो त्याचा. हललेला फोटोही आता पुस्तकात घेतेय, समोरच्या पानावर, माझ्या नावाने.