कागदी करकोच्याची मान फाटते, काय चुकतंय?

विश्रामबागची बाई:
नमस्कार. सांगलीत पाचवीला शिकवते. ६ ऑगस्ट हा हिरोशिमा दिन, म्हणून वर्गात करकोचे करायला घेतलेत. मुलांना हिरोशिमाच्या सदाको सासाकी या मुलीची गोष्ट सांगितली. १९४५ साली अणुबॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, १९५५ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली. हजार कागदी करकोचे केले की इच्छा पूर्ण होते अशी जपानी समजूत, म्हणून दवाखान्यात औषधांच्या वेष्टनाचे कागदसुद्धा जपून ठेवायची, घड्या घालायला. वर्ग एकदम गप्प झाला. आता पोरं हटून बसलीत, हजार करायचेच! पण वहीच्या कागदाची मान काढताना टोक फाटतं. चाळीसेक वाया गेले, पोरांचे चेहरे बघवत नाहीत.

मिरजकर:
बाई, कागद अगदी चौरस आहे का? दोन मिलिमीटर जरी कमीजास्त असला तरी सगळा फरक टोकाशी गोळा होतो. पान कर्णावर दुमडा, उरलेली पट्टी कापा. प्रत्येक घडी नखाने दाबून घ्या.

कृष्णाकाठ:
मान-शेपटीसाठी कडा आत दुमडता ना, तेव्हा त्या मधल्या रेषेला भिडवू नका. केसभर जागा सोडा. मग टोक वर वळवताना कागद दाटत नाही.

विश्रामबागची बाई:
जमलं हो! केसभर जागेनंच काम केलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, कधी तोंड उघडत नाही, त्याचा पहिला झाला. पंखावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात सदाकोचं नाव लिहिलंय त्यानं. आज एकोणीस झाले. ओवायला दोरा कुठला घेऊ, साधा शिवणाचा चालेल का?