जेटीजवळ पाणी हिरवं झालंय

माई (बंगला ३), सकाळी ६.५२
जेटीच्या डाव्या हाताला तलावाचं पाणी बघा जाऊन. कोणी हिरवा ऑइलपेंट ओतल्यासारखं दिसतंय, वासही मारतोय. कालच्या त्या पंधरा-वीस जणांनी पाण्यात काय काय धुतलं देव जाणे. मी मागच्या मीटिंगमध्येही बोलले होते. तेव्हा सगळे हसले.

नाना (बंगला ५), ६.५८
शुभ सकाळ मंडळी

बंटी (बंगला ९)
नाना, आधी वरचं वाचा.

सात नंबर
जेटीची किल्ली कोणाकडे आहे?

वहिनी (बंगला ११), ७.१०
माई, पंधरा-वीस नव्हते. बारा होते. फाटकावर रीतसर नोंद केली होती. काहीही झालं की आमच्या पाहुण्यांवरच का घसरता, कळत नाही.

माई
पाहुणे भाडं देऊन राहतात का हो वहिनी?

चेअरमन
सर्व सभासदांना नम्र विनंती, वैयक्तिक टीका टाळावी.

डॉक्टरताई (बंगला २)
भांडा नंतर. त्या पाण्यात मुलांना आणि कुत्र्यांना अजिबात सोडू नका. कुत्रं बाहेर आलं की अंग चाटतं, अंगावरचं विष पोटात जातं आणि काही तासांत जीवही जाऊ शकतो. बंटी, शेरू कुठे आहे?

बंटी
बांधलाय. तो पाण्याला घाबरतो. मालकावर गेलाय.

नाना
एवढं काय त्यात. शेवाळ आहे ते, दोन दिवसांत जाईल.

डॉक्टरताई
नाना, लांब काठी घालून बघा. काठीवर तंतू लोंबले तर साधं शेवाळ. काठी रंगवल्यासारखी झाली तर नील-हरित, म्हणजे शेवाळासारखे दिसणारे, विष तयार करू शकणारे जिवाणू. हात घालू नका, कृपा करून.

बंटी, ७.३१
मी घातली. रंगली. काठी नानांच्या कुंपणाला टेकवून ठेवलीय, ज्याला बघायचं त्याने बघा.

नाना
माझ्याच कुंपणाला का?

माई
म्हणजे मी म्हणत होते तेच. शॅम्पू लावून उतरले होते काल पाण्यात. मी गच्चीवरून पाहिलं.

सात नंबर
जेटीची किल्ली?

अप्पा (बंगला १), ८.०४
माई, शॅम्पूने एका रात्रीत तलाव हिरवा होत नाही. हे जिवाणू पाण्यात आधीपासून असतात. त्यांच्या पेशींत वायूच्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे वारा पडला की ते वर तरंगतात. मग झुळूक ढकलत नेईल त्या काठाला गोळा होतात. आज तो काठ आपला आहे, म्हणून समोरचं पाणी स्वच्छ दिसतंय. खरा प्रश्न हा की ते एवढे पोसले कशावर. फॉस्फरसवर. कॅनडात १९७३ मध्ये २२६ क्रमांकाच्या एका तलावात मधोमध पडदा लावून दोन भाग केले. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे टाकलं, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली. वरून काढलेला फोटो मी मागे ग्रुपवर टाकला होता, कोणी उघडला नाही. आता आपल्या तलावात फॉस्फरस येतो कुठून? हिरवळीच्या खतातून आणि सेप्टिक टाक्यांतून. टाकी बांधली चार-पाच माणसांसाठी, दर शनिवारी राहतात बारा. गाळ खाली बसायला उसंतच नाही. सगळं शोषखड्ड्यात आणि तिथून झिरपत तलावात. शोषखड्डे काठापासून किती लांब आहेत, ते ज्याचं त्याला माहीत.

बंटी
हजेरी घेणार का अप्पा?

वहिनी
म्हणजे फिरून ११ नंबरच ना? सरळ नाव घ्या. मी टाकी मागच्याच वर्षी उपसून घेतली, पावती आहे. बाकीच्यांनीही आपापल्या पावत्या टाकाव्यात ग्रुपवर.

(यानंतर बावीस मिनिटं शांतता.)

माई
आम्ही दोघंच असतो. पण बारा महिने इथेच असतो. तलाव आटतो तेव्हाही, चिखलाचा वास येतो तेव्हाही. फक्त सूर्यास्ताचे फोटो काढायला येत नाही.

अप्पा
दोघांची टाकीसुद्धा भरतेच माई. आणि तुमच्या हिरवळीला जे पोत्याने खत पडतं

माई
म्हणजे आता मी?

नाना
स्पीडबोटीचं बोला कोणीतरी. लाटांनी माझ्याकडचा काठ ढासळतोय. अमेरिकेतल्या टाहो तलावावर १९९९ पासूनच जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांना बंदी आहे. पाव इंधन न जळताच पाण्यात सोडतात ती.

सात नंबर
माझं फोर-स्ट्रोक आहे. किल्ली कोणाकडे आहे?

अप्पा
इंजिन कुठलंही असो, उथळ पाण्यात पंखा तळाचा गाळ ढवळतो आणि गाळातला फॉस्फरस पुन्हा वर येतो.

बंटी
अप्पांकडे सगळ्याचं उत्तर फॉस्फरस.

चेअरमन, ९.१५
किल्ली माझ्याकडे आहे. कुलूप मीच लावलंय. काल जेटीवर स्पीकरसाठी घरातून वायर ओढली होती, जोड पाण्याला टेकला होता.

डॉक्टरताई
बरं केलंत! गोड्या पाण्यात वीज उतरली तर पोहणाऱ्याचं अंग त्या पाण्यापेक्षा चांगलं वाहक ठरतं. स्नायू आखडतात, ओरडताही येत नाही. आपण म्हणतो बुडाला. वहिनी, हे मात्र तुमच्या पाहुण्यांना सांगायलाच हवं.

वहिनी
सांगते. हे पटलं.

नाना
आमच्या मागच्या नळाला तलावाचंच पाणी आहे. उकळून वापरलं तर चालेल ना?

डॉक्टरताई
नाही! उकळल्याने हे विष जात नाही. पाण्याची वाफ होते आणि विष आणखी दाट होतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत टोलीडो शहराला ईरी तलावातून पाणी येत होतं, तिथे लाखो लोकांना हेच सांगितलं होतं: पिऊ नका, उकळूही नका.

नाना
तिकडचं तिकडे. आपल्या तलावाचं बोला.

अप्पा
तिकडचंच ऐका नाना. सिएटलजवळचा वॉशिंग्टन तलाव आपल्यासारखाच हिरवा झाला होता. १९६३ ते १९६८ दरम्यान सांडपाणी दुसरीकडे वळवलं आणि काही वर्षांत पाणी नितळ झालं. पर्यटकांना कोणी हाकललं नाही.

माई
पर्यटकांची बाजू घ्यायची ठरलेलीच आहे काही जणांची.

सात नंबर
चेअरमन साहेब, मी घरी येऊन किल्ली घेऊ का?

चेअरमन
नाही. हिरवा थर जाईपर्यंत जेटी बंद. शनिवारी सकाळी टाकी उपसणारी गाडी बोलावली आहे. सगळे बंगले, एकही सूट नाही. सुरुवात १ नंबरपासून. सात नंबर, तुमचा ट्रेलर रस्त्यात आडवा आहे, तो काढा, नाहीतर गाडी आत येणार नाही.

सात नंबर
बोट पाण्यात गेली असती तर ट्रेलर केव्हाच निघाला असता.

बंटी
१ नंबर म्हणजे अप्पा. शुभारंभ!

अप्पा
माझ्या टाकीचं झाकण नव्या फरशीखाली गेलंय. बघतो काय करता येतं.

वहिनी
हो का?

माई
शनिवारी आमच्याकडे माणसं यायची आहेत. रविवारी ठेवा ना.

वहिनी
किती माणसं हो माई?