वडिलांच्या लॅपटॉपचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, आतल्या फाइली कशा काढू?

घाटाखालची

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवरच असते, आज जरा वेगळ्या अडचणीत आहे.

बाबा श्रावणात गेले. वाईला हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत करायला घेतला होता. अकरा शाखा, कोकणातून वर आलेल्या, त्यातल्या दोन इंदूरकडे गेलेल्या. प्रत्येकाला पत्रं, फोन, मग वंशावळ जुळवणं. सात वर्षांचं काम त्यांच्या लॅपटॉपमध्ये आहे. छापखानावाले म्हणतात दिवाळीआधी मजकूर द्या. आणि लॅपटॉप उघडत नाहीये.

लॅपटॉप २०१७ साली घेतलेला आहे, विंडोज १०. माझ्या चुलतभावाने चालू करून दिला होता, त्याला पासवर्ड आठवत नाही, आणि म्हणतो "काकांनी नंतर बदलला". चुकीचा पासवर्ड टाकला की खाली हिंट येते: "नेहमीचा". बास. आता बाबांचा नेहमीचा म्हणजे कोणता, हे विचारायला बाबाच नाहीत. त्यांच्या डायरीत दूधवाल्याचा हिशोब आहे, बँकेच्या लॉकरचा नंबर आहे, आणि शेवटच्या पानावर "लॅपटॉप – नेहमीचाच" असं लाल शाईने लिहून खाली दोनदा अधोरेखित केलेलं आहे. शाळेत फळ्यावर महत्त्वाचं असंच अधोरेखित करायचे.

आईचं नाव, माझं, भाच्याचं, गावाचं, गोत्राचं, मोती (त्यांच्या लहानपणीचा कुत्रा, त्याच्या गोष्टी आम्ही शंभरदा ऐकल्यात), जन्मसाल जोडून, न जोडता, पहिलं अक्षर कॅपिटल करून, सगळं झालं. इथल्या एका दुकानात नेला तर तो पोरगा स्क्रीनकडे न बघताच म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल, पाचशे रुपये, संध्याकाळी घेऊन जा." मी लॅपटॉप उचलला आणि घरी आले. बरोबर केलं ना?

लोणचंभात

फार बरोबर केलंत. फॉरमॅट म्हणजे कुलूप उघडत नाही म्हणून घर पाडायचं.

आधी एक सांगा. पासवर्डच्या चौकटीवर नुसतं नाव दिसतं की ईमेलचा पत्ता? पत्ता असेल तर ते मायक्रोसॉफ्टचं खातं आहे. मग पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदलता येतो, फक्त ओटीपी घ्यायला बाबांचं सिम चालू हवं. कृपया ते सिम इतक्यात बंद करू नका. लोक तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी नंबर बंद करतात आणि मग बँकेपासून गॅसपर्यंत सगळीकडे अडतात.

घाटाखालची

नुसतं नाव. "गुरुजी". खाली "रीसेट पासवर्ड" दिसतं, पण दाबलं की रीसेट डिस्क मागतो. ती कसली डिस्क, आम्हाला ठाऊक नाही.

लोणचंभात

म्हणजे खातं त्या मशीनपुरतंच आहे. लहानपणीचं टोपणनाव, पहिली शाळा असले तीन सुरक्षाप्रश्न विंडोज १० मध्ये २०१८ च्या १८०३ आवृत्तीपासून आले. तुमचं खातं त्याआधीचं, म्हणून प्रश्नच नाहीत.

नियम_म्हणजे_नियम

दर महिन्याला असा एक धागा येतो, आणि दर महिन्याला मी हेच लिहितो. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येणारा विषय आहे. ताई खरं सांगत असतील, पण उत्तर वाचणारे सगळेच तसे नसतात.

घाटाखालची

काका, आई शेजारीच बसली आहे. तिनेच मला लिहायला लावलंय. ती म्हणते, त्यांना सांग, मीच दिलीये परवानगी, हवं तर फोनवर बोलते.

स्क्रूड्रायव्हर

मी पंधरा वर्षं हेच करतोय, नीट वाचा.

फाइली हव्यात ना? मग पासवर्डच्या मागे लागू नका. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, दुसऱ्या संगणकावर त्यात उबंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी प्रणाली) भरा, बाबांचा लॅपटॉप त्यावरून सुरू करा. पर्याय येतील त्यात "ट्राय" निवडायचा, "इन्स्टॉल" चुकूनही नाही. इन्स्टॉल दाबलंत तर त्या दुकानातल्या पोराने जे केलं असतं तेच तुमच्या हातून होईल. मग डिस्क फोल्डरसारखी उघडते. "यूजर्स" मध्ये बाबांच्या खात्याचं फोल्डर, त्यातलं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उचलून बाहेरच्या डिस्कवर टाका.

दोन अडथळे येऊ शकतात. विंडोज बंद केलं तरी ते अर्धवट झोपतं, मग उबंटू त्या डिस्कवर लिहू देत नाही किंवा कुरकुर करतं. त्यासाठी शिफ्ट दाबून धरून शटडाउन करायचं. दुसरा खरा अडथळा म्हणजे बिटलॉकर. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे आतला मजकूर कुलूपबंद केलेला, असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल, आणि ती नसेल तर मीही काही करू शकत नाही, कुणीच नाही. हल्लीच्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली की ते बहुतेकदा आपोआप चालू होतं, लोकांना पत्ताही नसतो. तुमचं २०१७ चं मशीन आणि साधं खातं, त्यामुळे बहुतेक सुटाल.

आणि यूट्यूबवर बघून बाहेरून पासवर्ड उडवायच्या भानगडीत पडू नका. लॉगिन होतं, पण ब्राउझरमध्ये साठवलेले बाबांचे पासवर्ड त्यानंतर वाचता येत नाहीत. त्यांनी नातेवाइकांशी मेलवर पत्रव्यवहार केला असेल तर तेच हवे असतील तुम्हाला.

जोडाक्षर

एक फालतू प्रश्न. गुरुजी मराठी टाइप कसं करायचे?

घाटाखालची

इनस्क्रिप्ट, म्हणजे बटणागणिक एकेक देवनागरी अक्षर किंवा मात्रा. निवृत्तीनंतर शिकले. कीबोर्डवर देवनागरीची पारदर्शक स्टिकरं आहेत, त्यातलं "क" आणि "र" पूर्ण झिजलंय. का हो?

जोडाक्षर

मग पासवर्डच्या चौकटीत काहीतरी टाइप करा आणि उजव्या टोकाला डोळ्याचं चिन्ह येईल ते दाबून धरा. काय दिसतं ते इथे लिहा. एंटर नका मारू.

घाटाखालची

अगं बाई.

एम, ओ, टी, आय दाबलं. दिसलं "सदूग".

म्हणजे मी तीन दिवस जे काही टाकतेय ते सगळं असलंच चाललंय? चौकटीत नुसते ठिपके दिसतात, मी कशाला बघतेय! माझी बोटं डोळे मिटूनही इंग्रजीच चालतात, स्टिकरांकडे लक्षच गेलं नाही.

जोडाक्षर

हेच वाटलं होतं. उजवीकडे खाली कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती मराठीवर आहे. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबा, इंग्रजी होईल. तुमची सगळी यादी पुन्हा एकदा त्यात टाकून बघा.

माझ्या आईचं असंच झालं होतं. पासवर्ड इंग्रजी आणि कीबोर्ड मराठी. आम्ही दोन दिवस हॅकर शोधत होतो.

घाटाखालची

इंग्रजीत सगळी यादी झाली. नाही उघडत. आता पेन ड्राइव्हच आणते उद्या.

जोडाक्षर

थांबा. कीबोर्ड मराठीवरच ठेवलेला होता, म्हणजे गुरुजी रोज त्यावरूनच आत जात होते. पासवर्डच देवनागरी असणार. पुन्हा मराठीवर या आणि तीच यादी इनस्क्रिप्टने टाका, स्टिकरं बघून बघून. आईंना विचारा, ते किती बटणं दाबायचे?

घाटाखालची

आईला विचारलं. तिला संगणकातलं काही कळत नाही, पण ती रोज सकाळी त्यांचा चहा त्या टेबलावर ठेवायची. म्हणाली, "चार. टक टक टक टक, मग ते मोठं बटण. आणि मग चहा कुठंय म्हणून विचारायचे, समोर असला तरी."

म, ओकाराची मात्रा, त, दुसरी वेलांटी. इंग्रजी बटणं धरली तर सी, ए, एल, आर. मोती.

उघडला.

आई काही बोलली नाही. डेस्कटॉपवर वाड्याचा फोटो आहे, तो बघत बसली.

स्क्रूड्रायव्हर

वा! पंधरा वर्षांत हे डोक्यात आलं नाही, जोडाक्षर, मानलं. पण ताई, आता आनंदात लॅपटॉप बंद करू नका. आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, आजच. २०१७ ची हार्ड डिस्क आहे, आणि विंडोज १० चे सर्वसाधारण अपडेटही १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबलेत.

नियम_म्हणजे_नियम

अभिनंदन. आईंना नमस्कार सांगा. शीर्षकात "सुटले" असं लिहा म्हणजे पुढच्यांना शोधता येईल.

घाटाखालची

कॉपी झालं, दोन ठिकाणी. सगळ्यांचे आभार, जोडाक्षर तुमचे विशेष. फोल्डरमध्ये "कुलवृत्तांत अंतिम", "अंतिम २", "अंतिम खरा" आणि "अंतिम खरा सुधारित" अशा चार फाइली आहेत. आयुष्यभर मुलांच्या निबंधांवर लाल शेरे मारणाऱ्या माणसाची ही तऱ्हा.

शेवटची उघडली. सात शाखा व्यवस्थित मराठीत आहेत. उरलेल्या चार शाखांच्या पानांवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं दिसतात. चुलतभाऊ म्हणतो तो मजकूर पूर्वी एका टायपिंगवाल्याकडून करून घेतलेला, जुन्या मराठी फॉन्टमध्ये, युनिकोडमध्ये (हल्ली सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत) नाही.

त्यासाठी वेगळा धागा काढते. जोडाक्षर, तिकडे या.