मदत हवी आहे: द्वारका चौकात गाडी आडवी घालून मारहाण

काल संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकात धाकट्या भावाच्या स्कूटरला मागून कारने धक्का दिला. जाब विचारला म्हणून चालकाने मुंबई नाक्याच्या अलीकडे गाडी आडवी घातली, आरसा फोडला, कानशिलात मारली. गर्दी नुसती बघत राहिली, याचाच जास्त संताप येतोय.

गाडीचा नंबर आहे. मागच्या रिक्षावाल्या काकांनी साक्ष द्यायची तयारी दाखवलीय, फार मोठा आधार वाटला. पण पोलिसांनी फक्त अदखलपात्र नोंद केली, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास होत नाही अशी. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे बेदरकार वाहन चालवणं, दखलपात्र आहे ना? मग एफआयआरसाठी लेखी अर्ज पोलीस आयुक्तांकडे द्यायचा का? चौकातलं सीसीटीव्ही चित्रण पुसलं जाण्याआधी जपून ठेवायला कुणाला सांगायचं? असा अनुभव असलेल्यांनी किंवा वकील मंडळींनी कृपया सांगा. भाऊ स्कूटरला हात लावायला तयार नाही.